वाक्य संपलं की काच फिरवायची

झिलईकाका काम करताना बोलत नाहीत. हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

मी वेधशाळेच्या तळघरात गेले तेव्हा ते एक छोटं भिंग घोटत होते. मी नमस्कार केला. कोण, कुठली, कशासाठी आले, सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. भिंग राळेच्या गादीवर पुढे जात होतं, मागे येत होतं. मी दारात उभी. पाय दुखायला लागले. मग त्यांनी भिंग पाण्यात बुडवलं, फडक्यावर ठेवलं, हात पुसले आणि एकदम माणसांत आले.

"हां. आता बोल. कोण म्हणालीस तू?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साहित्याची पदवी घेतली आहे. वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीची सुधारणा चालली आहे. तिची माहिती पाहुण्यांच्या दालनात लावायची आहे. ती साध्या भाषेत लिहायचं काम मला मिळालं आहे.

"तारे कळतात तुला?"

"नाही."

"काच?"

"नाही."

"बरं झालं. रिकाम्या भांड्यात ओतायला सोपं. बस, लेखिकाबाई."

माझी तोवर एक ओळही कुठे छापून आली नव्हती. पण त्या दिवसापासून मी लेखिकाबाई झाले.

त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तळघराची किल्ली कोणी मागितली नव्हती, त्यांनी दिली नव्हती. रोज सकाळी यायचे. कोणाचं भिंग साफ कर, कोणाचा खरचटलेला आरसा घोटून दे, असं चालायचं. वेधशाळेतले सगळे त्यांना झिलईकाका म्हणत. वरच्या घुमटातल्या दुर्बिणीचा मोठा आरसा त्यांनीच घोटला होता, याच तळघरात, तरुणपणी.

खोलीच्या मध्यावर एक गोल दगडी टेबल होतं. दोन माणसांनी हात पसरले तर कवेत येईल एवढं. टेबलाभोवतीची फरशी झिजून वर्तुळाकार खोलगट वाट पडली होती. बैल घाण्याभोवती फिरतो तशी.

"ही तुमच्या पायांनी पडली?"

"एकट्याच्या नाही," काका म्हणाले.

वरच्या मजल्यावर इंजिनिअरबाईंचं राज्य. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला फटकळ. दुर्बिणीचं सगळं काम त्यांच्याकडे. नव्या मोटारी, नवा कॅमेरा, आरशाला नवी बैठक, आरशावर ॲल्युमिनिअमचा नवा मुलामा. सगळं झाल्यावर दुर्बीण किती सुधारली ते मोजायचं. मला त्यांनी एक जुना फोटो दाखवला. काळ्या आकाशात तारे. पण ठिपक्यासारखे नव्हते. तांदळाच्या दाण्यांसारखे होते, सगळे एकाच दिशेला कलंडलेले.

"तारा गोल दिसायला हवा. आमचे तारे पहिल्यापासून लांबट," बाई म्हणाल्या. "रुंदीच्या दीडपट लांबी. इथे शिकलेली मुलं हे असे तारे बघतच मोठी होतात. बाहेरगावी जाऊन गोल तारा दिसला की घाबरतात, मशीन बिघडलं म्हणून."

"कशामुळे होतं?"

"दोनच कारणं. काच घोटतानाच कमी-जास्त घासली गेली असेल. नाहीतर काच चांगली आहे, आणि बैठक तिला वाकवते आहे."

"काच वाकते?"

"वाकते की. आपल्याला दिसत नाही, ताऱ्याला दिसतं."

"मग यातलं खरं काय?"

त्यांनी खांदे उडवले. "काका पहिल्यापासून सांगतात, दोष काचेत आहे, माझ्या हातून झाला. ज्यानं घोटली तोच म्हणतो म्हटल्यावर बैठक तपासायच्या भानगडीत कोण पडणार? आता बैठक नवी येणार आहे. आरसा तोच बसवायचा आणि मोजायचं. तरीही तारा लांबट आला, तर आरसा बाद. कारखान्यातून नवा मागवायचा. जुना तुझ्या दालनात लावू. खाली दिवा वगैरे."

मी ते काकांना सांगितलं. मला वाटलं आनंद होईल. आरसा दालनात, दिवा वगैरे.

"काच काय मिरवायला असते?" ते म्हणाले आणि भिंग उचललं. म्हणजे बोलणं संपलं.

हळूहळू ते मला सांगू लागले. एका बैठकीत नाही. भिंग फडक्यावर ठेवल्यानंतरच्या वेळात, तुकड्यातुकड्यानं.

ते मूळचे चष्म्याच्या दुकानातले. मागच्या खोलीत भिंगं घासायचे. पुढच्या बाजूला एक मुलगी गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. अक्षरांचा तक्ता समोर टांगलेला आणि हिची अखंड बडबड. मधल्या पडद्यातून ती बडबड ऐकता ऐकता काकांचं भिंग कधी घासून व्हायचं कळत नसे. पुढे लग्न झालं. ती काकू. मग वेधशाळेत काचेची मोठी चकती आली, घोटणारा हवा होता, काका आले. मदतीला दुसरं माणूस हवं होतं. काकू आल्या.

"नवरा-बायको दोघं?"

"दुसरं कोण येणार? दिवसचे दिवस एकाच टेबलाभोवती फिरायचं. परक्या माणसाचा तिसऱ्या दिवशी खून झाला असता."

घोटण्याचं तंत्र त्यांनी मला उभं राहून दाखवलं. समोरासमोर दोघं. मध्ये काच, काचेवर राळेचा जड गोल, दोन्हींच्या मध्ये घोटायची तांबडी पूड आणि पाणी. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं परत पाठवायचं. थोडा वेळ असं झालं की काच जराशी फिरवायची आणि दोघांनी एक पाऊल उलट्या बाजूला सरकायचं. पुन्हा ढकलायचं.

"फिरवायची कशाला?"

"अगं, हात म्हटला की खोड आली. माझा डावा जड, हिचा उजवा. काच एकाच जागी ठेवलीस तर एका अंगानं जास्त झिजणार. फिरवत राहिलं की सगळ्यांची खोड सगळीकडे सारखी वाटली जाते. गोल होते."

"मग मोजायचात? इतक्या वेळा ढकललं की फिरवायची?"

"मी मोजायचो. आणि चुकायचो. मन कुठे जागेवर राहतं? आणि हिला तर मोजून काही करताच यायचं नाही. चहात साखरसुद्धा अंदाजानं. एक दिवस म्हणाली, अहो, तुम्ही मोजू नका. मी बोलते. माझं वाक्य संपलं की काच फिरवायची."

मी हसले.

"हसू नकोस. घड्याळासारखं चाललं ते. दुकानातल्या गमती सांगायची. 'आज एक गृहस्थ आले, म्हणाले मला जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही, मी म्हटलं दिसेल कसं, चष्मा कपाळावर चढवून बसलाय.' झालं वाक्य. फिरव काच. 'तर ते माझ्यावरच डाफरले, म्हणाले मग आधी का नाही सांगितलं, जसा काही मीच चढवला होता तो.' फिरव काच. सगळी वाक्यं साधारण एवढीच. तिच्या श्वासाएवढी."

ते थांबले. हात अजून हवेतच होते, काच फिरवल्यासारखे.

"गावातली निम्मी भांडणं त्या आरशात घोटली गेली आहेत," ते म्हणाले.

मी विचारलं, काकू पुढेही तळघरात येत होत्या का. त्यांनी भिंग उचललं.

आरसा उतरवायच्या दिवशी काका सकाळीच घुमटात येऊन उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं. माणसं साखळ्या लावत होती. इंजिनिअरबाई शिडीवर. आरशाच्या कडेवर जुन्या बैठकीचे चार लोखंडी चिमटे होते.

"हे बघ," बाई मला म्हणाल्या, "हे धरायला नाहीत. आरसा चुकून सुटलाच तर झेलायला आहेत. चिमट्यानं काचेला शिवायचं नाही. मधून कागद सरकला पाहिजे."

त्यांनी कागदाची पट्टी घेतली. एका चिमट्याखालून सरकली. दुसऱ्याखाली अडली. तिसऱ्याखालून सरकली. चौथ्याखाली पुन्हा अडली. बाईंनी पान्हा लावला. पेच हलेना. माणूस बोलावला, त्यानं जोर लावला, त्यालाही दाद नाही. शेवटी करवतीनं कापावा लागला.

"बापरे! कोणी आवळलाय हा? आरसा काय चोर होता, पळून जाईल म्हणून?"

माणसं हसली.

"मी," काका म्हणाले.

हसणं थांबलं.

"बसवताना आवळले. दोनच. पडेल असं वाटलं."

बाई शिडीवरून उतरल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "काका, हे समोरासमोरचे दोन आहेत."

"दिसतंय मला."

"हे कारण असू शकतं."

"असू शकतं."

"नसूही शकतं. पुन्हा बसवून मोजल्याशिवाय कळायचं नाही."

काकांनी मान हलवली. कापलेला पेच जमिनीवर पडला होता, तो उचलून खिशात घातला आणि जिना उतरून गेले. एकेक पायरी, कठड्याला धरून.

दुसऱ्या दिवशी तळघराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी त्यांचं घर शोधत गेले.

वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, घरात ते एकटेच. स्वयंपाकघरात, जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, डोळे तपासायचा तक्ता लावला होता. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी.

"शेवटची ओळ वाच," काका म्हणाले.

मी वाचली. एक अक्षर चुकले.

"तिनं तुला चहा दिला नसता. आधी नंबर काढून घे म्हणाली असती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला उभं करायची. वेधशाळेतल्या माझ्या साहेबांनासुद्धा."

चहा त्यांनी केला. साखर चमच्यानं मोजून घातली. मग स्वतःहून बोलू लागले. हातात भिंग नव्हतं, त्यामुळे थांबायला काही निमित्त नव्हतं.

आरसा जवळजवळ पुरा झाला होता. शेवटचा हात तेवढा राहिला होता आणि काकांच्या पोटात दुखायला लागलं. दवाखाना, शस्त्रक्रिया. परत आले तर काम झालेलं. काकूंनी एकटीनं केलं होतं. राळ तापवून तयार होती, तशीच सोडली तर बसकण मारते, फुकट जाते, म्हणून. आणि काकांना घरी आल्यावर काम पुरं झालेलं दिसावं म्हणून. काकांनी आरशावर दिव्याचा उजेड पाडून, परतणाऱ्या किरणांत पातं धरून सावली तपासली. सगळं ठीक दिसलं.

"पण त्या तपासणीत लांबटपणा पकडता येत नाही. तो ताऱ्यावरच कळतो."

आरसा वर बसला. पहिल्या संध्याकाळी सगळे घुमटात जमले. काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या. काकांनी सगळ्यांच्या आधी त्यांना डोळा लावायला दिला. सांग, कसा दिसतो?

"दुसरी कोणी असती तर छान म्हणाली असती. ही दिवसभर डोळे तपासणारी. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, लांबट आहे हो. मी म्हटलं, चष्मा बदल. सगळे हसले. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाली, लांबटच आहे."

"मग?"

"मग मी बघितलं."

त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं, माझ्या हातून झालं. साहेब मोठ्या मनाचे. म्हणाले, चालवून घेऊ. सगळ्यांसमोर माझ्यावर घेतलं बघ. आणि घरी पोचायचीही वाट बघितली नाही, घुमटाच्या जिन्यावरच तिच्यावर टाकलं. म्हटलं, मी नव्हतो तेव्हा तू एकटीनं घोटलंस. एकटी असताना बोलणार कोणाशी होतीस? गप्प राहिली असशील. वाक्यच नाही तर काच फिरवणार कधी? ती म्हणाली, फिरवली. मी म्हटलं, कशावरून? ती म्हणाली, 'अहो, मी त्या दिवशी...' मी म्हटलं, पुरे."

खाली दुकानाचं शटर कोणीतरी वर केलं. 

"त्यांना विचारलंत का कधी नंतर? नक्की काय झालं होतं ते?"

"विचारतो कोण? मी सांगत होतो. आणि पुरे म्हटल्यावर तिनंही पुरेच केलं."

काकू पुन्हा तळघरात आल्या नाहीत. चष्म्याच्या दुकानात परत गेल्या. भांडण नाही, अबोला नाही. मुलगी वाढली, संसार झाला. फक्त वाक्यं आखूड झाली. दूध आलंय. दार लावून घ्या. फोन आला होता.

"मी कितीदा म्हटलं, अगं सांग ना काहीतरी दुकानातलं. म्हणायची, तिथे काय असतं सांगण्यासारखं."

शेवटी त्या दवाखान्यात होत्या. काका रोज उशाशी बसायचे. काकू डोळे मिटून पडायच्या.

"एकदा औषधं घेऊन वर आलो तर आतून आवाज. हिचाच. नर्सला काहीतरी सांगत होती. चांगलं लांबच्या लांब वाक्य, मग दुसरं, मग तिसरं. नर्स खो खो हसत होती. मी दाराबाहेरच उभा राहिलो."

"आत का नाही गेलात?"

"आत गेलो असतो तर थांबली असती."

 मी तक्त्याकडे बघत राहिले. मग मूर्खासारखं विचारलं, "आता काय व्हावं असं वाटतं तुम्हाला? तारा गोल निघावा की लांबट?"

"तेच तर. इकडे आड तिकडे विहीर." त्यांनी खिशातून कापलेला पेच काढून टेबलावर ठेवला. "लांबट निघाला तर मी खरा ठरतो. पण तिचा हात लागलेली तेवढी एक वस्तू कामातून जाते. दिव्याखाली लटकते, शोभेला. गोल निघाला तर आरसा राहतो. म्हणजे मग हे चिमटे. म्हणजे मीच. आणि तिला मी आयुष्यभर..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"पण गोलच निघू दे," ते म्हणाले. "माझ्या खरेपणाला घेऊन काय चाटायचंय?"

नवा मुलामा द्यायच्या आधी आरसा धुवायचा होता. इंजिनिअरबाईंनी काकांना फोन केला. म्हणाल्या, माझी माणसं मोटार धुतात तशी धुतील, तुम्ही या. काका आले. मऊ कापूस, साबणाचं पाणी. मग औषधाच्या पाण्यानं जुना मुलामा निघून गेला आणि खालची नुसती काच दिसली. पाण्यासारखी. त्यांनी तिच्यावर हात ठेवला नाही. काचेला हात लावायचा नसतो. फक्त तळहात थोडा वर धरला, शेकायला धरतात तसा, आणि सगळ्या काचेवरून फिरवला.

मुलामा झाला. आरसा नव्या बैठकीत बसला. चिमट्यांखालून कागद काकांनी स्वतः सरकवून पाहिला. चारही.

मग मोजणी सुरू झाली. मला वाटलं होतं एक संध्याकाळ, एक तारा, एक उत्तर. तसं नसतं. आधी प्रकाश मोजतात. ज्याचं तेज पक्कं ठाऊक आहे असा तारा घ्यायचा आणि त्यातलं किती कॅमेऱ्यापर्यंत पोचतं ते बघायचं. ते भरपूर वाढलं होतं. मग दुर्बीण ताऱ्यामागे न थरथरता चालते का ते. मग आरसा आणि कॅमेरा एका रेषेत आणायचे. ते जुळल्याशिवाय गोलाई मोजण्यात अर्थ नाही. बाई रोज एकेक आकडा मला समजावून सांगायच्या. मी लिहून घ्यायचे. काका तळघरात यायचे, भिंग हातात घ्यायचे, खाली ठेवायचे. गोलाई कधी, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

बाईंनीच निरोप धाडला. आज.

दिवेलागणीची वेळ होती. आकाश अजून पुरतं काळं झालं नव्हतं, निळं होतं, आणि त्यात एकच तेजस्वी तारा. मोजणीच्या खोलीत आम्ही दाटीनं उभे होतो. पडदे, वायरी, चहाची किटली. काका आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. घड्या मोडलेल्या नव्हत्या. पडद्याकडे पाठ करून ते भिंतीशी उभे राहिले.

बाईंनी तारा आधी मुद्दाम धूसर केला. आरशाला बाक असेल तर तो धूसर ताऱ्यात आधी दिसतो, फोकस एकीकडे नेला की तारा आडवा ताणलेला, दुसरीकडे नेला की उभा. पडद्यावर एक गोल कडं उमटलं. बाईंनी फोकस दुसऱ्या बाजूला नेला. पुन्हा गोल कडं. मग तारा स्पष्ट केला. कडं आत आत येत गेलं आणि बिंदू झाला. बाजूला आकडे येऊ लागले, लांबी आणि रुंदी.

"काका!" बाई ओरडल्या. "अहो काका, बघा ना इकडे!"

काका वळले नाहीत. माझ्याकडे बघत होते.

"लेखिकाबाई, तू सांग. कसा दिसतो?"

मी पडद्याजवळ गेले. 

"गोल," मी म्हटलं.

"नीट बघ."

"गोलच आहे, काका."

मग ते वळले. बराच वेळ बघत राहिले. 

"दुसरीकडे बघा," ते म्हणाले. "दुर्बीण कलली की आरशाचं वजन सरकतं. खाली न्या."

बाईंनी दुर्बीण क्षितिजाकडे कलती केली, तिथला तारा घेतला. गोल. मग डोक्यावरचा. गोल. काका सांगत गेले, बाई घेत गेल्या. आकाशाचा एकही कोपरा त्यांनी सोडला नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, "काका, पुरे ना आता. काच उत्तम आहे. पहिल्यापासूनच उत्तम होती."

खोलीत एकच कालवा झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी वेधशाळेच्या आताच्या साहेबांना फोन लावला. आरसा राहणार होता. बाईंनी काकांच्या हातात कप दिला. काका चहा प्यायले. चेष्टाही केली, "मॅडम, आता चिमटे आवळू नका हं." सगळे हसले. मीही हसले. कप खाली ठेवून मी वळले तर ते खोलीत नव्हते.

तळघरात दिवा लागला होता. काका टेबलापाशी उभे होते, दोन्ही हात दगडावर टेकून.

"फिरवली होती तिनं," ते म्हणाले.

"हो."

"प्रत्येक वेळी. एकदाही चुकली नाही. चुकली असती तर आज दिसलं असतं."

"हो, काका."

"म्हणजे बोलत होती."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. तरीही मी म्हटलं, "मोजलंही असेल त्यांनी."

"ती?" ते जवळजवळ हसले. "ती मोजणार?"

ते टेबलाभोवतीच्या त्या झिजलेल्या वाटेनं चालत गेले, हळूहळू, पलीकडच्या बाजूला. काकूंच्या जागेवर जाऊन थांबले. तिथून समोर बघितलं. समोर त्यांची स्वतःची जागा होती. रिकामी.

"मी दवाखान्यात पडलेलो. आणि ही इथे अशी उभी. दिवसभर माझ्याशी बोलत." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "सगळं तर त्या काचेत गेलं. काय बोलली असेल गं ती?"

साहित्याची पदवी घेतलेलं माणूस मी. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"नको," ते म्हणाले. "तुझं नको."

वरून हसण्याचा आवाज आला. मग जिन्यावर बाईंची हाक. "काका, साहेब फोनवर आहेत! तुमच्याशी बोलायचंय म्हणतात!"

"येतो," काका म्हणाले. हलले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले, समोर काच असल्यासारखे.

"अहो, मी त्या दिवशी," ते म्हणाले.

आणि वाट बघत उभे राहिले.